विद्यापीठांच्या खतावणीतील माणसे

अमेरिकेत यादवी युद्धापूर्वी स्थापन झालेल्या बहुतेक जुन्या महाविद्यालयांचा पैसा मागे मागे शोधत गेले की तो कोठे ना कोठे गुलामांच्या श्रमापाशी येऊन थांबतो. तिथपर्यंत पोहोचण्याच्या वाटा मात्र निरनिराळ्या आहेत. १६९३ साली सनद मिळालेले व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालय स्वतःच गुलामांचे मालक होते, आणि त्याच्या उत्पन्नात तंबाखूवरील कराचाही वाटा होता. थॉमस जेफरसनने उभारलेल्या व्हर्जिनिया विद्यापीठात १८१७ ते १८६५ या काळात सुमारे ४,००० गुलाम राबले असावेत असा अंदाज आहे. विटा भाजणे, दगड फोडणे, पाणी भरणे, स्वयंपाक, विद्यार्थ्यांच्या खोल्यांची झाडलोट ही सगळी कामे त्यांच्याकडे होती. त्यांपैकी पुष्कळ जण विद्यापीठाच्या मालकीचे नव्हते, आसपासच्या मालकांकडून भाड्याने आणलेले होते. मालकीचे कागद तेवढे तपासणाऱ्याला ते दिसलेच नसते.

उत्तरेकडील संस्थांमध्ये मालकीपेक्षा देणगीचा धागा ठळक आहे. प्रिन्स्टनच्या पहिल्या नऊही अध्यक्षांनी कधी ना कधी गुलाम बाळगले होते. पण संस्था उभी राहिली ती प्रामुख्याने देणग्यांवर. हार्वर्डमध्ये कायद्याचे पहिले अध्यासन १८१५ साली निघाले ते धाकट्या आयझॅक रॉयलच्या मृत्युपत्रातील देणगीतून, आणि रॉयल घराण्याची संपत्ती होती अँटिग्वा बेटावरील उसाच्या मळ्यांची. त्या घराण्याच्या मुद्रेतील गव्हाच्या तीन पेंढ्या हार्वर्डच्या विधिशाळेने आपल्या चिन्हात घेतल्या होत्या. त्या काढल्या गेल्या २०१६ साली. येल विद्यापीठाचे नाव तर थेट मद्रासहून आले आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या फोर्ट सेंट जॉर्जचा गव्हर्नर राहिलेल्या एलिहू येलने १७१८ साली मालाचे नऊ गठ्ठे, ४१७ पुस्तके आणि राजाचे एक चित्र धाडले. माल विकून ५६० पौंडांहून थोडी अधिक रक्कम हाती आली आणि तिच्या बदल्यात संस्थेने दात्याचे नाव लावले. इतक्या स्वस्तात एवढे अमरत्व फार थोड्यांना लाभले असेल. येलच्या कारकिर्दीत मद्रासच्या बंदरातून कापडाबरोबर माणसांचीही निर्यात होत होती. लंडनमध्ये काढलेल्या त्याच्या एका चित्रात बाजूला सेवेला उभा असलेला कृष्णवर्णी मुलगा दिसतो. त्याच्या गळ्यात धातूचे कडे आहे.

यातील जवळजवळ कोणतीही गोष्ट लपवलेली नव्हती. मृत्युपत्रे, हिशेबाच्या वह्या, विश्वस्तांची इतिवृत्ते विद्यापीठांच्याच दफ्तरखान्यात नीट जपून ठेवलेली होती, त्यांच्या याद्या केलेल्या होत्या, काही तर छापलेलीही होती. त्यामुळे गेल्या पाव शतकात झालेल्या या संशोधनाला शोध म्हणणे तितकेसे बरोबर नाही. कागद जुनेच होते. ते उघडून प्रश्न विचारणारी माणसे बदलली आणि त्या प्रश्नाचे उत्तर कोणाला द्यायचे हेही बदलले. म्हणून अशा संशोधनाचे मोल अहवालाच्या पानांवरून ठरवता येत नाही. विद्यापीठ त्यातून कोणाला जबाबदार ठरते, यावरून ते ठरवावे लागते.

प्रश्न विचारणारे बदलले म्हणजे काय, हे ऱ्होड आयलंडमधील ब्राऊन विद्यापीठात दिसते. टेक्सासमध्ये बटईने शेती करणाऱ्या एका कृष्णवर्णी कुटुंबात जन्मलेल्या रूथ सिमन्स २००१ साली तेथे अध्यक्ष झाल्या. आयव्ही लीगमधील विद्यापीठाच्या त्या पहिल्या कृष्णवर्णी अध्यक्ष. २००३ साली त्यांनी विद्यापीठाच्या गुलामगिरीशी असलेल्या संबंधांचा तपास करण्यासाठी समिती नेमली आणि २००६ साली तिचा अहवाल आला. त्याआधी, २००४ साली, अलाबामा विद्यापीठाच्या प्राध्यापक सभेने गुलामांच्या वंशजांची माफी मागितली होती. पण आपल्याच घराण्याची खातेवही चव्हाट्यावर आणण्याचे धाडस एखाद्या मोठ्या संस्थेने इतक्या पद्धतशीरपणे प्रथम केले ते ब्राऊननेच.

ज्यांच्या घराण्याचे नाव विद्यापीठाला लागले ते ब्राऊन बंधू प्रॉव्हिडन्सचे व्यापारी. त्यांच्या ‘सॅली’ या जहाजाची १७६४-६५ ची सफर अहवालात मध्यवर्ती ठरली, कारण तिची हिशेबवही टिकून आहे. कप्तान ईसेक हॉपकिन्सने आफ्रिकेच्या किनाऱ्यावर १९६ माणसे मिळवली. त्यांपैकी किमान १०९ मेली. काही आजाराने, काही उपासमारीने, काहींनी स्वतः जीव दिला, आणि बंड करून उठलेल्यांना गोळ्या घातल्या गेल्या. वहीत हे मृत्यू एकापुढे एक क्रमांक घालून लिहिलेले आहेत, कारण मालकाच्या दृष्टीने ती मालाची घट होती. सफर तोट्यात गेली. त्या घराण्यातील चार भावांपैकी मोझेसने पुढे १७७३ साली आपले गुलाम मुक्त केले, क्वेकर पंथ स्वीकारला आणि गुलामविरोधी चळवळीत तो पडला. त्याचा भाऊ जॉन हा धंदा चालवतच राहिला. गुलामांच्या परदेशी व्यापाराविरुद्ध १७९४ साली झालेल्या संघीय कायद्याखाली खटला भरला गेलेला तो पहिला अमेरिकन, आणि खटल्यामागे मोझेसच्या संस्थेचा हात होता. दोघेही त्याच महाविद्यालयाचे आधारस्तंभ. त्या काळी सगळेच तसे वागत होते, हा बचाव एका घरातच असा कोलमडतो.

या सर्व प्रकरणांत सर्वाधिक शिकवणारे प्रकरण मात्र वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठाचे आहे. तेथे व्यवहार एकच आहे, कागद भरपूर आहेत आणि विकल्या गेलेल्या माणसांची नावे आहेत.

जॉर्जटाउनची स्थापना १७८९ साली जॉन कॅरल या कॅथलिक धर्मगुरूने केली. चालवणारे होते जेझुइट पंथाचे लोक. मेरीलँडमध्ये त्यांच्या मोठ्या जमिनी होत्या, त्या जमिनींवर तंबाखू आणि नंतर धान्य पिकत असे, आणि पिकवणारे गुलाम होते. मळ्यांच्या उत्पन्नातून धर्मकार्य आणि शिक्षण चालावे अशी ती योजना. प्रत्यक्षात मळे आतबट्ट्याचे ठरत गेले आणि महाविद्यालयावर कर्ज चढले. तेव्हा पंथातच वाद माजला: लोकांना ठेवावे, मुक्त करावे की विकावे? विकणाऱ्यांचा पक्ष जिंकला. त्याचा पुढारी होता थॉमस मुलेडी. जॉर्जटाउनचा अध्यक्ष राहिलेला हा मनुष्य १८३८ साली पंथाच्या मेरीलँड प्रांताचा प्रमुख होता.

१९ जून १८३८ रोजी करार झाला. लुइझियानाचा माजी गव्हर्नर हेन्री जॉन्सन आणि मळेवाला जेसी बेटी यांना २७२ पुरुष, स्त्रिया व मुले १,१५,००० डॉलरना विकण्यात आली. यादीत पहिले नाव आयझॅक, वय ६५. पुढे त्याची मुले, नातवंडे, तान्ही बाळे. पहिल्या हप्त्याचे २५,००० डॉलर आले, त्यांतले १७,००० महाविद्यालयाच्या कर्जाकडे वळवले गेले. रोममधील पंथप्रमुख यान रोथान याने विक्रीला परवानगी देताना अटी घातल्या होत्या: कुटुंबे तोडू नयेत, विकल्या गेलेल्यांना आपला धर्म पाळता यावा, आलेला पैसा कर्जफेडीत वा चालू खर्चात घालू नये. तिन्ही अटी मोडल्या गेल्या. मेरीलँडमधील काही जेझुइटांनीच विरोध केला. विक्रीच्या दिवसांत मळ्यावर असलेल्या एका धर्मगुरूने रोमला पत्र लिहून लोकांचा आक्रोश कळवला, तर दुसऱ्याने आपल्या मळ्यावरील लोकांना रानात लपून बसायला सांगितले. मुलेडीला रोमला बोलावून घेतले गेले, त्याचे पद गेले, काही काळ तो युरोपात राहिला. नंतर परत येऊन तो मॅसॅच्युसेट्समधील होली क्रॉस महाविद्यालयाचा पहिला अध्यक्ष झाला आणि पुन्हा एकदा जॉर्जटाउनचाही. विद्यापीठाने त्याच्या नावाची इमारत पावणेदोनशे वर्षांनंतरही अभिमानाने मिरवली.

हे सगळे इतिहासकारांना ठाऊक होते. जेझुइटांचे मेरीलँडमधील दप्तर जॉर्जटाउनच्या ग्रंथालयातच आहे. १९९० च्या दशकात तेथील विद्यार्थ्यांनी मळ्यांचे कागद संगणकावर चढवले होते, पंथाच्या इतिहासकारांनी त्यांवर लिहिले होते. तरी विद्यापीठाच्या सार्वजनिक स्मृतीत ते उतरले नव्हते. २०१५ साली मुलेडीच्या नावाची इमारत नूतनीकरणानंतर पुन्हा उघडणार होती. त्या निमित्ताने अध्यक्ष जॉन डिजोया यांनी अभ्यासगट नेमला, आणि नोव्हेंबरमध्ये विद्यार्थ्यांनी अध्यक्षांच्या कचेरीपुढे ठिय्या दिल्यावर मुलेडी आणि त्याचा सहकारी मॅकशेरी यांची नावे इमारतींवरून उतरली.

त्याच सुमारास रिचर्ड सेलिनी या जॉर्जटाउनच्या माजी विद्यार्थ्याने एक साधा प्रश्न विचारला: विकल्या गेलेल्या माणसांचे पुढे काय झाले? त्याला मिळालेले उत्तर असे की लुइझियानाच्या दलदलीत ती सगळी तापाने लवकरच दगावली. २७२ माणसे एकजात मरून जातात आणि एकही वंशज उरत नाही, हे त्याला पटेना. त्याने स्वतःचे पैसे घालून वंशावळीच्या अभ्यासकांना कामाला लावले आणि थोड्याच अवधीत जिवंत वंशज सापडू लागले. पुढे त्यांची संख्या हजारोंत गेली. अनेक जण लुइझियानातील मॅरिंगुइन या छोट्याशा गावात आणि आसपास राहत होते. पुष्कळ जण अजून कॅथलिकच होते, आपल्या पूर्वजांना विकणाऱ्या चर्चचेच भाविक. विद्यापीठाच्या दप्तरात माणसे १८३८ पाशी संपत होती. गावच्या चर्चच्या नोंदवह्यांत ती त्याच नावांनी पुढे चालू होती. २०१६ च्या एप्रिलमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हा वृत्तांत छापला आणि आतापर्यंत भूतकाळातला वाटणारा प्रश्न एकाएकी चालत्याबोलत्या माणसांचा झाला.

शोध लागला तो कागदांच्या कोणत्या जातीमुळे, हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी होती. तिच्यात मालकाचे नाव लिहीत, गुलामाचे फक्त वय, लिंग आणि रंग. कृष्णवर्णी कुटुंबे नावानिशी सरसकट प्रथम दिसतात ती १८७० च्या जनगणनेत. त्यामुळे त्यांची वंशावळ मागे नेताना १८७० पाशी भिंत लागते, असे अभ्यासक म्हणतात. जॉर्जटाउनच्या लोकांबाबत ती ओलांडता आली, कारण जेझुइटांनी त्यांना बाप्तिस्मा दिला होता, त्यांची लग्ने लावली होती, आणि चर्चच्या नोंदवहीत आई-बापाची व साक्षीदारांची नावे लिहिली होती. दुसरा कागद जहाजाचा. गुलामांची आयात बंद करणाऱ्या १८०७ च्या कायद्यानेच असे फर्मावले होते की किनाऱ्याने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गुलाम नेताना कप्तानाने प्रत्येकाचे नाव, वय आणि उंची लिहून द्यावी. त्यामुळे ‘कॅथरीन जॅक्सन’ या जहाजाची १८३८ ची यादी उरली. देशांतर्गत व्यापाराला मोकळी वाट ठेवणाऱ्या कायद्याने त्या व्यापाराची नोंदही करून ठेवली. तिसरा कागद मळ्यांच्या विक्रीचा व तारणाचा: बेटी मेल्यावर त्याची मालमत्ता विकली गेली, तेव्हा तीच नावे पुन्हा जमीन-जनावरांच्या यादीत येतात.

हे सारे कागद मालकांनी मालकांसाठी केलेले आहेत, आणि अशा अभ्यासातली खरी अडचण ती आहे. वहीत माणूस दिसतो तो खरेदी, विक्री, आजार, पलायन किंवा मृत्यू या प्रसंगी, म्हणजे मालकाला पैशाचा फरक पडला तेव्हा. जो निमूट राबला आणि निमूट जगला त्याची ओळ नाही. विल्यम अँड मेरीने २००९ साली सुरू केलेल्या अभ्यासाला महाविद्यालयाच्या मालकीच्या लेमन नावाच्या एका गुलामाचे नाव दिले, ते काही नोंदींमध्ये हे नाव योगायोगाने टिकले म्हणून. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०२० च्या स्मारकावर तर बहुतेकांसाठी दगडात नुसती खूण कोरावी लागली. नाव सापडलेले थोडेच. कागदाच्या मुकेपणाची ही मर्यादा प्रामाणिक अहवाल सांगून टाकतात. अप्रामाणिक अहवाल मात्र सापडलेल्या नावांची संख्या हीच एकूण संख्या असल्यासारखे लिहितात.

ब्रिटनमध्ये कागदांची परिस्थिती वेगळी आहे. तेथे १८३३ च्या कायद्याने वसाहतींतील गुलामगिरी संपवताना सरकारने मालकांना २ कोटी पौंड भरपाई दिली; गुलामांना छदामही नाही. भरपाई मागणाऱ्यांचे अर्ज आजही उपलब्ध आहेत. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या इतिहासकारांनी त्यांची सूची करून सर्वांसाठी खुली केली, तेव्हापासून कोणत्याही संस्थेच्या देणगीदारांची नावे त्या सूचीशी ताडून पाहता येतात. ग्लासगो विद्यापीठाचा २०१८ चा अहवाल याच वाटेने आला. ग्लासगोने स्वतः गुलाम बाळगल्याचे दिसत नाही. उलट १७९२ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पार्लमेंटला अर्ज पाठवणाऱ्यांत ते होते, आणि जेम्स मकून स्मिथ या कृष्णवर्णी अमेरिकनाला स्वदेशी प्रवेश नाकारला गेला तेव्हा १८३७ साली त्याला वैद्यकाची पदवी दिली ती याच विद्यापीठाने. पण वेस्ट इंडिजमधील मळ्यांच्या पैशातून आलेल्या देणग्या आणि शिष्यवृत्त्याही त्याने घेतल्या होत्या. त्यांचे आजचे मोल संशोधकांनी काढले ते १ कोटी ६७ लाख ते १९ कोटी ८० लाख पौंड असे. एवढी तफावत चुकीमुळे पडलेली नाही. जुना पौंड वस्तूंच्या भाववाढीने मोजला तर एक आकडा येतो, मजुरीच्या वाढीने मोजला तर त्याहून मोठा, देशाच्या एकूण उत्पन्नातील वाट्याने मोजला तर त्याहूनही मोठा. कोणती पट्टी वापरायची हा अर्थशास्त्राइतकाच न्यायाचा प्रश्न आहे. २०१९ साली ग्लासगोने वेस्ट इंडिज विद्यापीठाशी करार करून वीस वर्षांत २ कोटी पौंड संशोधनावर खर्च करण्याचे ठरवले. वरच्या आकड्याच्या मानाने ही रक्कम लहान असली, तरी देणे मान्य करून ते त्या बेटांवरील विद्यापीठाच्या सहभागाने फेडायचे ठरले हे नवे होते.

पैशाच्या हिशेबात न मावणारी एक बाजूही आहे. विद्यापीठांनी गुलामगिरीचा पैसा घेतला, तसे गुलामगिरीला शास्त्रही पुरवले. हार्वर्डचा नामवंत प्राणिशास्त्रज्ञ लुई अगासी मानववंश मुळातच वेगवेगळे निर्माण झाले असे मानत असे. ते सिद्ध करण्यासाठी १८५० साली त्याने दक्षिण कॅरोलिनातील काही गुलामांची विवस्त्र छायाचित्रे काढवली. त्यांत रेंटी नावाचा एक पुरुष आणि त्याची मुलगी डेलिया आहेत. चित्रे हार्वर्डच्याच पीबडी संग्रहालयात पडून होती. १९७६ साली माळ्यावर सापडली. २०१९ साली टॅमारा लॅनियर यांनी आपण रेंटीच्या वंशज आहोत असे सांगून ती परत मागितली. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली मालकीचा दावा फेटाळला, पण विद्यापीठाच्या वागण्याने झालेल्या मनस्तापाचा दावा चालू द्यायला हरकत नाही असे म्हटले. २०२५ साली तडजोड होऊन ती चित्रे हार्वर्ड सोडून चार्ल्सटनमधील आफ्रिकन अमेरिकन संग्रहालयाकडे जावीत असे ठरले.

वैद्यकीय महाविद्यालयांची गोष्ट याहून भयंकर आहे. शवविच्छेदनासाठी प्रेते लागत, आणि कृष्णवर्णी लोकांच्या कबरी उकरणे सर्वांत सुरक्षित, कारण तक्रार करणारा कोणी नसे. जॉर्जियाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापकांनी १८५२ साली ग्रँडिसन हॅरिस नावाचा गुलाम विकत घेतला तो कबरी उकरून प्रेते आणण्याच्याच कामासाठी. १९८९ साली त्या जुन्या इमारतीच्या तळघरात हाडे निघाली. १९९४ साली रिचमंडमधील वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात बांधकाम चालू असताना एका जुन्या विहिरीतही निघाली. असे पुरावे वहीत कधीच आले नसते.

याच अन्यायाचा आणखी एक भाग म्हणजे शिक्षणाचे दार बंद ठेवणे. १८३१ साली कृष्णवर्णी तरुणांसाठी न्यू हेवनमध्ये महाविद्यालय काढण्याची योजना पुढे आली, तेव्हा शहराच्या सभेत ती सुमारे ७०० विरुद्ध ४ मतांनी उडवली गेली. विरोधकांत येलशी संबंधित प्रतिष्ठित मंडळी पुढे होती. येलने स्वतःच नेमलेल्या संशोधकांनी २०२४ साली हा प्रसंग आपल्या इतिहासात ठळकपणे मांडला आणि विद्यापीठाने माफी मागितली.

या संशोधनाचा महाराष्ट्राशी असलेला दुवा थोडा आहे, पण खरा आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना. त्यानंतर चाळीस वर्षांनी बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, १९१३ ते १९१६. किंग्ज कॉलेज या नावाने १७५४ साली सुरू झालेल्या त्या संस्थेचे विश्वस्त गुलामांच्या व्यापारात मुरलेले होते, हे पुढे १०० वर्षांनी, २०१५ साली इतिहासकार एरिक फोनर यांच्या अभ्यासवर्गातून आणि २०१७ च्या अहवालातून विद्यापीठाने स्वतःच मांडले. आंबेडकरांनी १९४६ साली ज्यांना पत्र लिहिले ते कृष्णवर्णी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस हार्वर्डमध्ये शिकलेले. आफ्रिकन गुलामांच्या व्यापारबंदीवरचा त्यांचा प्रबंध १८९६ साली हार्वर्डच्या इतिहासमालेचा पहिलाच खंड म्हणून छापला गेला. म्हणजे गुलामांच्या व्यापाराचा इतिहास हार्वर्डच्या वर्गात लिहिला गेला. हार्वर्डचा स्वतःचा भाग त्यात यायला आणखी सव्वाशे वर्षे लागली. २०२२ च्या अहवालात १६३६ ते १७८३ या काळात हार्वर्डच्या अध्यक्षांनी, प्राध्यापकांनी व कर्मचाऱ्यांनी ७० हून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगल्याचे मान्य झाले आणि १० कोटी डॉलरचा निधी जाहीर झाला.

या सगळ्याविरुद्ध दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. एक, जुन्या माणसांना आजच्या मापाने मोजणे अन्यायाचे आहे. वर आलेले प्रसंगच याला उत्तर देतात. रोथानच्या अटी, मळ्यावरून रोमला गेलेले पत्र, मोझेस ब्राऊनचा भावाविरुद्धचा खटला, ही सगळी त्याच काळातली मापे आहेत. शिवाय विकल्या जाणाऱ्यांचे मत त्या काळातील मतांत धरायचेच नाही, असे मानल्यावरच हा आक्षेप उभा राहतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: आजच्या विद्यार्थ्याने वा प्राध्यापकाने हे केलेले नाही, मग देणे कोणाचे? व्यक्तीपुरता तो खरा आहे. पण विद्यापीठ ही व्यक्ती नव्हे. ती सनदेने निर्माण झालेली, न मरणारी संस्था आहे. याच सातत्याच्या आधारावर ती १७१८ ची देणगी, रॉयलचे मृत्युपत्र, १८३८ ची फिटलेली कर्जे आजही आपलीच मानते, त्यांवर व्याज घेते, स्थापनादिन साजरे करते. मिळकतीच्या बाबतीत अखंड असलेली संस्था देण्याच्या बाबतीत मात्र दर पिढीला नव्याने जन्मल्यासारखी वागू शकत नाही. कोणत्याही वहिवाटदाराला हे पटण्यासारखे आहे.

खरी दुर्बलता दुसरीकडे आहे: चौकशी करणारा आणि चौकशी होणारा एकच असतो. अभ्यासगट विद्यापीठ नेमते, कागदांच्या किल्ल्या विद्यापीठाकडे असतात, अहवाल केव्हा प्रसिद्ध करायचा हेही तेच ठरवते. हार्वर्डने गुलामांचे वंशज शोधण्याचे काम सेलिनी यांच्या चमूकडे दिले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्या चमूला काढून टाकून ते बाहेरच्या वंशावळी संस्थेकडे सोपवले गेले. फार वंशज शोधू नका असे आपल्याला सांगितले गेले, असा सेलिनी यांचा आरोप आहे. विद्यापीठाने तो नाकारला. खरे-खोटे काहीही असो, वंशजांची संख्या वाढली की देणेही वाढते, आणि ती संख्या मोजणाराच देणेकरी असतो, ही अडचण आरोप खोटा ठरला तरी उरते.

म्हणूनच जॉर्जटाउनच्या पुढच्या वाटचालीकडे पाहायला हवे. २०१६ च्या अहवालानंतर माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशात मिळणारी सवलत वंशजांनाही लागू झाली. २०१७ च्या एप्रिलमध्ये जेझुइटांनी वंशजांसमोर क्षमा मागितली. मुलेडीच्या इमारतीला आयझॅक हॉकिन्सचे आणि मॅकशेरीच्या इमारतीला, त्याच परिसरात कृष्णवर्णी मुलींची शाळा काढणाऱ्या ॲन मेरी बेक्राफ्टचे नाव मिळाले. पण अभ्यासगटात वंशज नव्हतेच, अशी तक्रार वंशजांनीच केली, आणि ती रास्त होती. २०१९ साली विद्यार्थ्यांनी मतदान घेऊन दर सत्राला २७ डॉलर २० सेंट स्वतःच्या शुल्कात वाढवून वंशजांच्या निधीला द्यायचे ठरवले. दोनतृतीयांश मते बाजूने पडली. विद्यापीठाने तो ठराव बाजूला ठेवून स्वतःतर्फे दरवर्षी ४ लाख डॉलरचा निधी काढला, म्हणजे पैसा दिला पण निर्णय आपल्याकडेच ठेवला.

वंशजांनी मग थेट पंथाशी बोलणी केली. २०२१ साली जेझुइटांनी १० कोटी डॉलर उभारण्याचे वचन दिले आणि वंशजांच्या सहभागाने चालणारे एक प्रतिष्ठान स्थापन झाले. पैसा रेंगाळत आला. २०२३ साली विद्यापीठाने १ कोटी आणि जेझुइटांनी जमीन विकून आलेले १ कोटी ७० लाख डॉलर त्यात घातले. आता या प्रतिष्ठानाच्या कारभारात वंशज बसतात आणि शिष्यवृत्त्यांना किती, वृद्धांच्या मदतीला किती, हे ठरवताना त्यांनाही विचारावे लागते.